दहिसरचा उजेड

दर सप्टेंबरात आमच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात एकच चर्चा असते. कासला कधी जायचं? गाडी कुणाची, वर्गणी किती, रेक्टर मॅडमची परवानगी कोण काढणार? मग पंधरा-वीस जण जातात, पावसात भिजतात, आणि परत येतात तेव्हा प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तेच जांभळं-पिवळं पठार असतं. फोटो वाईट नसतात. पण एकीचा फोटो दुसरीच्या नावावर खपवला तरी कुणाला कळणार नाही, इतके ते सारखे असतात. सुंदर जागेचा फोटो आणि सुंदर फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मित्रमैत्रिणींनो, आणि मला आज दुसरीबद्दल लिहायचं आहे.

त्यासाठी मी मुद्दाम दहिसर निवडलं आहे. एक तर ते माझं गाव (मुंबईकर उपनगरालाही गावच म्हणतात). दुसरं म्हणजे दहिसरला फोटो काढायला कुणी जात नाही. "दहिसरला काय आहे गं फोटो काढण्यासारखं? चेकनाका?" असं माझी रूममेट विचारते. ती साताऱ्याची, कास तिच्या अंगणात, तेव्हा तिला बोलायला काय जातंय! पण प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी नकाशा सांगते.

दहिसरच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला खाडी आणि तिच्या काठचं कांदळवन. मधे उत्तर-दक्षिण धावणाऱ्या तीन रेघा: हायवे, पश्चिम रेल्वे आणि २०२२ पासून मेट्रो. आणि या सगळ्यांना आडवी कापत जाणारी दहिसर नदी. ती उद्यानात तुळशी तलावाच्या बाजूला सुरू होते आणि जेमतेम १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. सुरुवातीला ती खरीखुरी डोंगरातली नदी असते, काळे कातळ, वर झाडांची कमान. मग वस्तीत शिरते आणि तिचा नाला होतो. तबेल्यांचं शेण, सांडपाणी, प्लास्टिक. २६ जुलै २००५ ला ती घराघरात शिरली होती, आमच्या भागातली मोठी माणसं अजून पाण्याची पातळी भिंतीवर हात ठेवून दाखवतात. आता बराच भाग काँक्रीटच्या भिंतींमध्ये आहे. शेवटी पुन्हा ती मोकळी होते, पण तोवर ती नदी राहिलेली नसते, खाडी झालेली असते.

म्हणजे एका बारा किलोमीटरच्या रेषेवर पानझडीचं जंगल, शहर आणि खारफुटी. फोटोग्राफीचा अभ्यास करायला याहून सोयीची प्रयोगशाळा मला तरी ठाऊक नाही, आणि लोकलचा पास असेल तर खर्च फारसा नाही.

आता उजेड. फोटोग्राफीच्या बहुतेक पुस्तकांत 'सोनेरी तास' नावाची गोष्ट असते. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाश तिरपा, पिवळसर आणि मऊ असतो, तेव्हा फोटो काढा, असं सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण ती पुस्तकं लिहिणारे लोक आपल्याहून बरेच उत्तरेला राहतात. आपण इंजिनिअरिंगचे, तेव्हा गणित करून पाहू. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य मावळताना त्याची उंची ताशी १५ अंश गुणिले अक्षांशाची कोसाइन या वेगाने कमी होते. लंडनचा अक्षांश सुमारे ५१.५, म्हणजे ताशी ९.३ अंश. दहिसरचा सुमारे १९.२५, म्हणजे ताशी १४.२ अंश. सूर्य ६ अंशांवरून क्षितिजाला टेकायला लंडनला ३८ मिनिटं लागतात, आपल्याकडे २५. आपला 'तास' अर्ध्या तासाचासुद्धा नाही! सूर्य आपल्याकडे जवळजवळ उभा खाली पडतो. त्यामुळे जागेवर पोचून मग फ्रेम शोधू म्हणणारा माणूस नेहमी हात हलवत परत येतो. फ्रेम आदल्या दिवशी ठरलेली पाहिजे, दुसऱ्या दिवशी फक्त उजेडाची वाट पाहायची.

दुसरं गणित दिशेचं. दहिसरच्या खाडीवर सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. जूनमध्ये तो बरोबर पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरात २५ अंश दक्षिणेला. पन्नास अंशांचा फरक. एखादं तिवर जूनमध्ये पाठीमागून उजळतं, तेच डिसेंबरात बाजूने उजळतं, आणि ती दोन वेगळी झाडं वाटतात. पाठचा उजेड पानाच्या आरपार येतो. बाजूचा उजेड खोडाचा खडबडीतपणा उकरून काढतो. समोरचा उजेड, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी असताना पडणारा, सगळं नीट दाखवतो आणि काहीच सांगत नाही. ग्रुप फोटोला तो चांगला.

आणि दुपार? दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवा, असं सगळेच म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. मुंबईत १५ मे आणि २७ जुलैच्या आसपास सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दुपारी झाडाखाली उभं राहून सरळ वर कॅमेरा धरला, की पानांच्या फटींतून येणारे प्रकाशाचे गोल जमिनीवर आणि वरची जाळी, दोन्ही एकाच रेषेत असतात. ते गोल म्हणजे पानांच्या फटींनी पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमा आहेत, पिनहोल कॅमेऱ्याचं तत्त्व. (जुलैमध्ये बहुधा ढग असतात, तेव्हा मे महिन्याची संधी सोडू नका.) डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य ४७ अंशांच्या वर चढत नाही. एक मीटर काठीची सावली सुमारे ९२ सेंटीमीटर पडते. हिवाळ्यातली दुपार म्हणजे जवळजवळ सकाळच.

आता झाडांकडे येऊ. नवशिक्यांचा सगळा जीव फुलात अडकलेला असतो. मी म्हणेन, आधी वर्षभर फक्त पानं काढा. फुलाचा रंग इतका जोरकस असतो की उजेडाकडे लक्षच जात नाही. पान साधं असतं, म्हणून ते शिकवतं. एकच पान समोरून पाहिलं तर त्याचा मेणचट पृष्ठभाग आकाश परावर्तित करतो आणि ते पांढुरकं, निळसर दिसतं. तेच सूर्याच्या दिशेने धरलं तर हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतं, उरलेला पोपटी प्रकाश आरपार येतो आणि शिरांचं सगळं ड्रॉइंग उघड होतं. मुख्य शीर, उपशिरा, त्यांच्यातली जाळी. स्ट्रक्चर शिकणाऱ्यांनी पिंपळाचं पान एकदा असं पाहावंच, बीम आणि स्लॅबची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. मार्चच्या आसपास उद्यानात कुसुमाला नवी पालवी येते ती लालभडक असते, हरितद्रव्य भरायच्या आधीची. लांबून लोकांना तो फुलांचा बहर वाटतो. त्याच सुमारास पळस आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुललेले असतात, म्हणजे पानांचा अडथळा न येता फांद्यांची रेषा मिळते. सोमवारी उद्यान बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

पावसाळ्यात पानांवर पाणी असतं आणि सगळीकडे चकाकी. इथे पहिल्या वर्षाचं फिजिक्स कामाला येतं. ब्रूस्टरचा कोन आठवतोय का? व्हायव्हाला विचारतात आणि आपण विसरतो, तोच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्याचा कोन सुमारे ५३ अंश. त्या कोनातून परावर्तित होणारा प्रकाश पूर्णपणे ध्रुवीभूत असतो, तेव्हा पोलरायझर फिरवला की चकाकी पुसली जाते आणि खालचा खरा हिरवा वर येतो. पोलरायझर महाग वाटतो? पोलरॉइड गॉगलची काच मोबाईलच्या लेन्सपुढे धरून फिरवून पाहा, बरंचसं काम होतं. पण एक सांगते, सगळी चकाकी पुसू नका. ओल्या पानावर थोडी चमक राहिली नाही तर ते ओलं वाटत नाही.

झाडांच्या आकाराकडे कसं बघायचं हे मला एका जर्मन माणसाच्या फोटोंनी शिकवलं. कार्ल ब्लॉसफेल्ट, जन्म १८६५. हा मूळचा फोटोग्राफर नव्हे. तरुणपणी त्याने कलात्मक ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी केली, म्हणजे आपल्या भाषेत फाउंड्री. पुढे तो बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना वनस्पतींवरून नक्षीचे आकार शिकवायला लागला. जिवंत झाडं वर्गात टिकत नाहीत, कोमेजतात, म्हणून तो फोटो काढू लागला. कॅमेरा घरी बनवलेला, निगेटिव्ह काचेच्या. नेच्याचा वळलेला कोंब, एखाद्या रानटी गवताचं टोक, भोपळ्याच्या वेलाचे ताणे, हे सगळं तो कितीतरी पट मोठं करून साध्या पांढऱ्या किंवा करड्या पार्श्वभूमीवर दाखवायचा. तीस वर्षं हे चाललं होतं आणि त्याला कलावंत कुणी म्हणत नव्हतं. १९२८ मध्ये त्याचं पुस्तक निघालं तेव्हा तो ६३ वर्षांचा होता, आणि मग एकदम तो प्रसिद्ध झाला. त्याचे फोटो पाहताना कुठे दरवाज्याची जाळी दिसते, कुठे खांबाचं शीर्ष, कुठे राजदंड. त्याने फोटोत काही 'कलात्मक' केलेलं नाही. त्याने फक्त बाकी सगळं काढून टाकलं.

हे आपल्याला हॉस्टेलवर करता येतं. पार्श्वभूमीला इंजिनिअरिंग ग्राफिक्सची शीट घ्या (सरांनी 'रिपीट' लिहून परत दिलेली असेल तर मागची बाजू वापरा, तेवढाच तिचा उपयोग). खिडकीशी टेबल ओढा, उजेड एका बाजूने येऊ द्या, दुसऱ्या बाजूला आणखी एक शीट उभी करा म्हणजे सावलीत थोडा उजेड परत जाईल. काळी पार्श्वभूमी हवी तर जर्नलचं काळं कव्हर. बाहेर झाडावरच फोटो काढायचा असेल तर वाऱ्याच्या बाजूला वर्तमानपत्र धरायला मैत्रिणीला उभं करा, कारण जवळून काढताना पान एक मिलिमीटर हललं तरी फोटो गेला. जुलैमध्ये दहिसरला जुन्या भिंतींच्या फटीत, पायऱ्यांवर, गटारांच्या कडेला नेचे उगवतात. त्यांचे कोंब घड्याळातल्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात आणि चार-पाच दिवसांत उलगडतात. रोज एक फोटो काढा. माझ्या घराजवळच्या गटाराच्या कडेच्या एका नेच्याचे मी असे सहा फोटो काढले आहेत आणि ते मला कुठल्याही पठारापेक्षा जास्त आवडतात.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर. पेशाने इंजिनिअर. सह्याद्रीतली रानफुलं हिंडून हिंडून ओळखायची आणि फोटो काढायचे हा त्यांनी ध्यास घेतला आणि २००१ मध्ये 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक काढलं. ट्रेकला जाणाऱ्या कितीतरी लोकांच्या सॅकमध्ये ते असतं. त्यातले फोटो ओळख पटावी म्हणून काढलेले आहेत, भिंतीवर लावायला नाहीत. तरी ते पाहताना डोळा तयार होतो. झाडाचं नाव कळलं की त्याचा फोटो बदलतो, हे मला पटलेलं आहे. 'एक झुडूप' म्हणून काढलेला फोटो आणि 'कारवी' म्हणून काढलेला फोटो यांत फरक पडतो. कारण कारवी म्हटलं की पुढचं माहीत असतं: ही आठ वर्षांत एकदाच मोठ्या प्रमाणावर फुलते आणि मग मरते. राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. आता २०३२. आज पहिल्या वर्षाला असलेले तेव्हा कुठे नोकरीला असतील देव जाणे. मधल्या सात वर्षांतली तिची नुसती हिरवी, काठ्यांसारखी उभी झुडपं कुणी काढत नाही. ती काढायला हवीत.

आता पश्चिमेला, खाडीवर. इथे उजेडाच्या जोडीला भरती-ओहोटीचं वेळापत्रक लागतं. आमच्या ओळखीच्या एक कोळी काकू आहेत, त्यांनी मला ते मोबाईलशिवाय काढायला शिकवलं. "तिथीची पाऊणपट कर गो, झाली भरतीची वेळ!" म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी, आठ पाऊणे सहा, भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, एका तिथीला पाऊण तास धरला की झालं. थोडा फरक पडतो, पण परीक्षेत पास होण्याइतकं उत्तर बरोबर येतं.

फोटोग्राफरला याचा अर्थ काय? पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. नेमक्या तिरप्या उजेडाच्या वेळी पाणी ओसरलेलं असतं आणि चिखल उघडा पडलेला. अष्टमीला उलट, संध्याकाळी झाडांच्या पायाशी पाणी असतं, जरी भांगाची भरती असल्याने कमी. म्हणजे महिन्यात दोन आठवडे चिखलाचे आणि दोन पाण्याचे.

मला चिखलाचे आवडतात. तिवराची श्वसनमुळं जमिनीतून वर येतात, पेन्सिली खोचून ठेवाव्यात तशी, हजारोंनी. खारट चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळांची टोकं वर काढून श्वास घेतं. एरवी ती नुसती काटक्यांसारखी दिसतात. पण सूर्य खाली आला की प्रत्येक मुळाची लांब सावली पडते, ओल्या चिखलावर आकाशाचा रंग उतरतो आणि सगळं मैदान एखाद्या लिपीसारखं दिसायला लागतं. इथे कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नका. त्याला सगळं मध्यम करड्या रंगाचं हवं असतं, तो काळा चिखल उजळवून टाकतो आणि मजा घालवतो. एक स्टॉप कमी ठेवा. आणि तिवराचं पान उलटं करून बघा, तोडू नका, नुसतं वाकवून बघा. मुळांनी घेतलेलं जास्तीचं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हाच्या दिवशी पानांवर मिठाचे बारीक कण असतात आणि तिरप्या उजेडात ते चमकतात. चाटून पाहिलंत तरी चालेल, मी पाहिलंय.

इथपर्यंत सगळं छान छान झालं. पण दहिसरच्या खाडीवर कॅमेरा लावला की एक प्रश्न येतोच, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. प्रत्येक भरतीबरोबर प्लास्टिक येतं आणि ओहोटीला मुळांमध्ये अडकून राहतं. दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, चपला. फ्रेममध्ये ते घ्यायचं की नाही? थोडं वाकून, थोडं डावीकडे सरकून ते सहज टाळता येतं आणि खाडी अगदी परदेशातली वाटते. आमच्या क्लबमध्ये यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, कलेचं काम सौंदर्य दाखवणं, कचरा दाखवायला महानगरपालिका आहे. दुसरा म्हणतो, कचरा वगळलात तर तुम्ही खोटं बोललात. मला दोन्हीकडचे लोक घाईत वाटतात. ब्लॉसफेल्टनेही बाकी सगळं वगळलं होतं, पण त्याने 'हे बर्लिनचं रान आहे' असा दावा केला नव्हता, फक्त 'हा कोंब असा आहे' एवढंच म्हटलं. मिठाचा कण असलेल्या पानाचा फोटो खरा आहे. पण त्याखाली 'दहिसरची खाडी' असं लिहिलं की जबाबदारी वाढते. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी दोन फोटो काढते, एक जवळचा आणि एक त्याच जागेवरून मागे येऊन, जे आहे ते सगळं घेऊन. प्रदर्शनात दोन्ही शेजारी लावते. लोक पहिला बघून थांबतात आणि दुसऱ्यापाशी जास्त वेळ घालवतात.

मागे येऊन काढलेल्या फोटोंना आता आणखी एक कारण झालं आहे. वर्सोव्यापासून दहिसरमार्गे भाईंदरपर्यंत सागरी किनारा मार्ग होऊ घातला आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीला बंदी घालणारा निकाल दिला होता, सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल अशी अट ठेवून. त्याच अटीनुसार डिसेंबर २०२५ मध्ये या रस्त्यासाठी ४५ हजारांहून जास्त तिवरं तोडायला परवानगी मिळाली. बदल्यात दुसरीकडे लागवड करायची आहे.

मी सिव्हिलची आहे. सकाळी साडेसहाला हायवेवर अडकलेल्या बसमध्ये माझे बाबा रोज बसतात, तेव्हा रस्ता नको असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्यातलेच काही जण दोन-तीन वर्षांत असल्या कामांवर साइट इंजिनिअर म्हणून असतील, कदाचित मीसुद्धा. पण रस्त्याच्या अलाइनमेंटच्या ड्रॉइंगवर कांदळवन म्हणजे हिरवी तिरपी रेघ असते, तिच्यात मिठाचे कण नसतात. दुसरीकडे लावलेलं रोप झाडांच्या आकड्यात भर घालेल, पण पौर्णिमेच्या संध्याकाळी त्या विशिष्ट वळणावर पडणाऱ्या सावल्या त्याच्याबरोबर जाणार नाहीत. म्हणून मी गेल्या वर्षापासून पाच जागा ठरवून घेतल्या आहेत. रस्त्यालगतून, सुरक्षितपणे उभं राहता येईल अशा. प्रत्येक जागेवरून दर पौर्णिमेला एकाच उंचीवरून, एकाच दिशेने फोटो काढते आणि वहीत तारीख, तिथी, वेळ, होकायंत्राचा अंश लिहिते. सर्व्हेइंगच्या फील्ड बुकसारखं. मी इथे असते तेव्हा बाबा काढतात. त्यांचे फोटो थोडे वाकडे येतात, पण ते वेळ चुकवत नाहीत.

शेवटी एक प्रयोग, केमिस्ट्री लॅबच्या सरांच्या मदतीने आम्ही केलेला. इंजिनिअर म्हटला की 'ब्लूप्रिंट' आलीच. तो निळा कागद मूळचा आला कुठून? १८४२ मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने लोहाच्या क्षारांवर प्रकाश पाडून निळी प्रतिमा मिळवायची रीत शोधली, सायनोटाइप. ड्रॉइंग ऑफिसांत ती पोचायला पुढे काही दशकं जायची होती. पण ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी लगेच, १८४३ पासून, तीच रीत समुद्री शेवाळांसाठी वापरली. शेवाळ कागदावर ठेवायचं, उन्हात धरायचं, कॅमेरा नाहीच. त्या पानांचं त्यांनी पुस्तक केलं, आणि फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. म्हणजे ज्या निळ्या कागदावर पुढे जगभरच्या पुलांची आणि रस्त्यांची ड्रॉइंग निघाली, त्यावर आधी एका बाईंनी खाऱ्या पाण्यातल्या वनस्पती उमटवल्या होत्या. मला हे कळलं तेव्हा तिवराचं पान त्याच कागदावर आणायचं ठरवून टाकलं.

कृती अशी. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिली पाण्यात. दोन्ही बाटल्या अंधारात ठेवायच्या. लागेल तेवढं समप्रमाणात मिसळून मंद दिव्यात जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने लावायचं आणि अंधारातच वाळवायचं. हातमोजे घाला. फेरिसायनाइडला तीव्र आम्लाजवळ किंवा आचेजवळ अजिबात नेऊ नका, विषारी वायू सुटू शकतो, म्हणून हे काम लॅबमध्येच, सरांसमोर. वाळलेल्या पिवळट-हिरव्या कागदावर पान ठेवा, वर काच दाबा, आणि टेरेसवर स्वच्छ उन्हात दहा मिनिटं. कागद राखाडी झाला की काच उचला आणि साध्या पाण्यात धुवा. पिवळं पाणी निघून जातं, उघडा भाग निळा होतो, पानाखालचा पांढरा राहतो. पहिल्या दिवशी निळा फिकट वाटतो, चोवीस तासांत हवेने गडद होतो.

पान कुठलं? उद्यानातलं किंवा कांदळवनातलं काहीही तोडणं गुन्हा आहे, तेव्हा फक्त गळलेली, रस्त्यावर पडलेली पानं. सरावाला आपल्या कॅम्पसमधला शेवगा उत्तम, त्याची बारीक पानं सुंदर उमटतात. तिवराचं पान जाड असतं, शिरा उमटत नाहीत, नुसती टोकदार पांढरी आकृती येते. एका प्रिंटमध्ये मात्र कडेला बारीक पांढरे ठिपके आले. आधी वाटलं कागद खराब आहे. मग लक्षात आलं, पान न धुता ठेवलं होतं, ते मीठ होतं. ती प्रिंट आणि आणखी पाच, सिव्हिलच्या मजल्यावर वॉटर कूलरच्या बाजूच्या बोर्डावर लावली आहेत. दुपारी तीननंतर तिथे थेट ऊन येतं आणि सायनोटाइप उन्हात फिका पडतो, तेव्हा मे महिन्याच्या आत बघून घ्या. नंतर ती काढून फाईलमध्ये अंधारात ठेवणार आहे.